ईशान्य इंग्लंडचं बरं चाललंय

आमच्या घरात इंग्लंडच्या ईशान्य भागाची जेवढी काळजी केली गेली, तेवढी चिपळूणचीसुद्धा कधी केली नाही. आमचे हे दुबईत, जबल अलीला एका पंप कंपनीच्या ऑफिसात. कारखाना तिकडे, त्या ईशान्य इंग्लंडात; इथे फक्त विक्री आणि सुटे भाग. कारखाना चालला तर ऑफिस, ऑफिस चाललं तर ह्यांचा व्हिसा, आणि ह्यांच्या व्हिसावर मी आणि मुलगी. म्हणून रोज सकाळी फोनवर तिकडच्या बातम्या.

"उत्पादन वाढलंय गं. नोकऱ्यापण वाढल्यात."

"वाढू देत. आधी पोहे खा, गार होतायत."

गेल्या वर्षी रत्नागिरीच्या एका चाचांनी ह्यांना बोलावलं. त्यांचं रास अल खोरला पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे, मॅनेजर हवा होता. पगार जवळपास तेवढाच. मी म्हटलं, घ्या की! आपल्याकडचा माणूस, उद्या काही झालं तर समोर बसून बोलता तरी येईल. तर हे मलाच समजावायला लागले. "तिकडे अख्खा रीजन वर चाललाय आणि मी आत्ता कंपनी सोडू? वेड लागलंय का?" चाचांना नकार कळवून टाकला. मी दोन दिवस धड बोलले नाही.

दर हिवाळ्यात कारखान्याचा गोरा साहेब दुबईला यायचा आणि एक जेवण आमच्याकडे ठरलेलं. कोंबडी-वडे. नाक पुसत पुसत खायचा आणि परत मागायचा. या खेपेला त्याने एक वडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. काहीतरी बिनसलंय हे मी तेव्हाच ओळखलं. मग त्यानेच सांगितलं, कारखाना बंद होतोय, आणि त्याच्यामागून इथलं ऑफिसही. त्याची स्वतःचीही नोकरी चालली होती बिचाऱ्याची.

"पण तुमचा रीजन तर चांगला चाललाय," हे म्हणाले. "मी रोज वाचतो."

हो, खरंय ते, साहेब म्हणाला. कारखान्याच्या जागेवर ऑनलाइन मालाचं मोठं गोदाम येतंय, जागेला भावही चांगला आला. माणसं लागतील, पण पंपवाली नाहीत.

म्हणजे बातम्या खोट्या नव्हत्या हो! हेच तर माझ्या डोक्यात जातं. एवढ्या मोठ्या मुलखाचं भलं होतंय म्हणजे आपलंही होणार, असं ह्या माणसाने धरूनच टाकलं होतं. मुलीने विचारलं, "सो आर वी लीव्हिंग?"

हे चाचांकडे गेले. मॅनेजर केव्हाच घेऊन झाला होता. चाचा भले, म्हणाले, स्टोअर सांभाळ, वर्करांबरोबर खोली देतो, पुढचं इन्शाल्ला बघू. पण त्या पगारात बायको-मुलीचा व्हिसा बसत नाही. बाकी ठिकाणी अर्ज करून झाले होते. पन्नाशीच्या माणसाला साधं उत्तरही कुणी देत नाही. तेव्हा ठरलं, हे इथे राहणार आणि आम्ही दोघी चिपळूणला. मी खूप भांडले. मी सांगत होते, तुम्ही ऐकलं नाहीत, तुमच्यामुळे पोरीची शाळा सुटतेय, तोंडाला येईल ते बोलले. हे आपले मुलीची पुस्तकं खोक्यात भरत राहिले. त्याचा मला आणखी राग आला. मग मीच रडले, कारण चिपळूणला गेल्यावर भांडायला तरी कोण असणार समोर.

निघायच्या आधीच्या रविवारी ह्यांना स्वयंपाक शिकवायला घेतला. डाळीला शिट्ट्या किती, फोडणीत हळद कधी, गॅस कधी बारीक करायचा. हे शाळेतल्या मुलासारखे मान डोलवत होते. मग तांदळाचा डबा उघडला, वाटी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "एकट्याला किती लागतात गं?"

मी ह्यांच्या हातातली वाटी घेतली, भरली, अर्धी परत डब्यात ओतली. एकट्यासाठी मी कधी भात लावलाच नव्हता.