मठाच्या चित्राचं लॅमिनेशन

आम्हा मराठी माणसांना लॅमिनेशनचं वेड आहे. दहावीचं सर्टिफिकेट, जन्मपत्रिका, आरत्यांचा कागद, दिसलं की घाल प्लॅस्टिकमध्ये. हे वेड माझ्या नवऱ्याने पुण्याहून सिंगापूरला आणलं आणि त्यात माझ्या बाबांच्या चित्राचा बळी घेतला.

बाबा जहाजावर इंजिनिअर होते. तरुणपणी जहाज दुरुस्तीसाठी ब्रिटनच्या एका बंदरात अडकलं, तेव्हा त्यांनी हे ड्रायपॉइंटचं चित्र घेतलं. जुना ख्रिस्ती मठ, छप्पर गेलेलं, कमानी तेवढ्या उभ्या. ड्रायपॉइंट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र ओरखडायचं, शाई भरायची आणि ओलसर कागद वर ठेवून जोरात दाबायचं. त्या दाबाने पत्र्याची कड कागदात खोल उमटते. काचबिंदूने नजर गेल्यावर बाबा सिंगापूरला, बेडोक भागात आमच्याकडे राहायला आले. दर रविवारी ते चित्र मांडीवर घेत, शाईला धक्का न लावता कडेच्या खाचेवरून बोट फिरवत आणि आतला मठ मला सांगत. डावीकडची उंच कमान, तिच्यावर उगवलेलं गवत, सगळं.

इथल्या दमट हवेने कागदावर बुरशीचे ठिपके पडले. नवऱ्याने मला एका शब्दाने न विचारता तोआ पायोहच्या दुकानातून चित्र लॅमिनेट करून आणलं. गरम रोलरखाली खाच सपाट झाली. "आता त्याला काही होणार नाही," असं वर कौतुकाने सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी म्हणाली, "स्टिल कॅन सी लाह, मम्मी." दिसतंय ना. ज्याला डोळे आहेत त्याला.

रविवारी बाबांनी चित्र मांडीवर घेतलं. बोट गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरत कोपऱ्यापर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. त्यांनी एकदा तरी जावयाला फैलावर घ्यावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"छान झालंय, जावईबापू," बाबा म्हणाले.

जावयाच्या घरी राहणारा सासरा दुसरं काय म्हणणार? हे घर माझंही आहे, हे त्यांना कधी पटलंच नाही. नवरा खूश झाला. त्या रात्री मी त्याला वाट्टेल ते बोलले, पण त्या प्लॅस्टिकला कुठे काय फरक पडणार होता?

पुढच्या रविवारी मी चित्र बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते तसंच मला परत दिलं आणि रेडिओ लावायला सांगितला.