चुलीचे तीन दगड

मंगल कोकरे माधवनगरात राहते आणि सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. शिवाय पुण्यात चार वर्षं काढून ती स्पॅनिश शिकून आलेली. जतकडच्या मेंढपाळाच्या लेकीनं स्पॅनिश शिकावं, याचं स्टाफरूममध्ये अजून हसू होतं. पीएच.डी.चा विषय ऐकला की लोकांच्या हातातला चहा हातातच राहतो: स्पॅनिश आणि इतर पाश्चात्त्य कादंबऱ्यांतली आदर्श नगरं आणि नरकनगरं. "याचा उपयोग काय, मॅडम?" असं रविराज सर दर सोमवारी नेमानं विचारतात. मंगल हसून सोडून देते. खरं उत्तर तिनं कुणालाच दिलेलं नाही, कारण ते भीतीचं आहे.

ती सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की कोकऱ्यांची मेंढरं जतहून पश्चिमेला निघायची, थेट कराडच्या शिवारापर्यंत. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळालं, की पुढचा मुक्काम. त्यांच्या घरात एक रीत होती. तळ हलवताना चुलीचे तीन दगड पाडूनच निघायचं, आणि ते पायानं लोटायचं काम घरातल्या लेकीचं. चूल मांडलेली राहिली, तर मागं राहिलेला जीव तिथंच भाकरीची वाट बघत बसतो, असं म्हणायचे.

त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ, अर्जुना, कराडजवळच्या तळावर तापानं गेला. चार वर्षांचा होता. त्याला तळाशेजारच्या बांधाला पुरलं आणि दुसऱ्या सकाळी तळ हलला, कारण मेंढरं दुखवटा पाळत नाहीत. दोन कोस गेल्यावर बापानं, कोंडीबानं, विचारलं, "मंगे, चूल मोडलीस न्हवं?" ती "व्हय" म्हणाली. पण मोडल्याचं तिला आठवत नव्हतं.

तीन दिवसांनी मागून आलेला एक पाहुणा म्हणाला, "कोंडीबा, तुमची चूल तशीच मांडल्याली हाय की गड्या!" कोंडीबानं लेकीकडं नुसतं पाहिलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पोरगी सुटली असती. बाप मरेपर्यंत अधूनमधून तसाच बघायचा.

तेव्हापासून अर्जुना तिला सोडत नाही. तवा तापला की दाराशी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. पुस्तकातसुद्धा तेच. कादंबरीतल्या आदर्श नगरात सगळ्यांना घर, पाणी, दिवाबत्ती; हिची नजर मात्र वेशीबाहेर राहिलेला माणूस शोधते, आणि तो सापडतोच. नरकनगरांचं तर विचारूच नका. साडेतीनशे पानांचा प्रबंध त्या एका माणसावर उभा राहिला, पण शेवटचं प्रकरण दोन वर्षं अडलंय. त्या माणसाला विसरलं कुणी, एवढंच त्यात लिहायचंय. उत्तर ठाऊक असल्यामुळंच हात चालत नव्हता.

शेवटी गेल्या मार्गशीर्षात तिनं म्हाताऱ्या आईला, हरणाबाईला, गाडीत घातलं आणि कराड गाठलं. एकतीस वर्षांनी तो बांध कुठला सापडायला! तिथं वसाहत झालेली. एकसारखी पिवळी घरं, मोठी कमान, कमानीवर 'स्वप्ननगरी'. मंगलला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" त्याला काय सांगणार?

हरणाबाई कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेली आणि एका जुन्या बाभळीपाशी थांबली. "हितंच," म्हणाली.

मंगलनं तीन दगड गोळा केले, चूल मांडली आणि आईचे पाय धरले. "आये, तवा चूल मोडायची माझ्याकडनं ऱ्हायली. आबांशी मी खोटं बोलले. आज मोडते. त्याला जाऊ दे आता."

"तू मोडली हुतीस," हरणाबाई म्हणाली. "म्या डोळ्यांनी बघितली."

"मग?"

"तुमी फुडं गेलासा. घागर ऱ्हायली म्हणून म्या मागं फिरले, आन परत मांडली. एवढंसं लेकरू. त्याला जा कसं म्हणू?"

मंगल ओरडलीच. "आबा माझ्याकडं तसं बघायचं, तवा का न्हाई बोललीस?"

"बोलले असते, तर त्यांनी जाऊन मोडली असती."

म्हणजे कुणीच विसरलं नव्हतं. एकतीस वर्षं फुकट जळत काढली, या विचारानं मंगलला असा संताप आला की तिनं चूल लोटायला पाय उचलला. आईनं अडवलं नाही. ती फक्त त्या पायाकडं बघत राहिली, ओठ घट्ट मिटून.

मंगलनं पाय खाली ठेवला. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. तिनं गाडीतून जेवणाचा डबा आणला आणि त्यातली एक भाकरी चुलीपाशी ठेवली.