बुधवारी आलेला गुरुवार

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी कुणी साधक नाही, आणि जे घडलं त्याला चमत्कार म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या देवीवर मी रागावलो होतो तिच्याच दारातून माझं जेवण आलं, असं मला मनापासून वाटतं. ते न सांगणं कृतघ्नपणाचं होईल, म्हणून लिहितो.

आमचं गाव निपाणीजवळ. वडील शिंपी, आई निरक्षर, आणि कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. बंगळूरला आलो तेव्हा एका दूरच्या नातलगांनी मला सात घरी वार लावून दिले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा भरायचा. ही सगळी घरं आमच्याच समाजातली, कितीतरी पिढ्यांपासून इथे राहिलेली, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारी. सकाळी साडेदहाला पडवीत उभं राहून हाक द्यायची, पुढ्यात येईल ते जेवायचं, आपलं पान आपण उचलायचं, आणि संध्याकाळसाठी मिळालेला डबा घेऊन निघायचं. दोन गोष्टी मात्र कधी करायच्या नाहीत. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि आपला वार नसताना दारात जायचं नाही. वार नसताना आलेल्या मुलाला बाकीची मुलं 'पंचांग हरवलेला' म्हणून वर्षभर चिडवत.

त्या पावसाळ्यात शहरात तापाची साथ आली. घरंच्या घरं आडवी झाली. कॉलेज बंद झालं. माझ्या खोलीतला सोबती आनेकलचा होता, तो पहिल्याच बसने गावी गेला. मी राहिलो, कारण एकदा गावी गेलो तर परत येणं होणार नाही हे मला ठाऊक होतं. मी दुकानात बसावं असं वडिलांच्या मनात होतंच, आईनेच हट्ट धरून मला पाठवलं होतं. इकडे एकेक दार मिटत गेलं. सोमवारच्या घरी बाई कपाळाला फडकं बांधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चूलच पेटली नाही रे, तम्मा." या घरांत आम्हा मुलांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. बुधवारच्या घरून निरोप आला, साथ सरेपर्यंत येऊ नकोस. कुणावर रागवायचं? खानावळी बंद होत्या. मी भाजलेल्या शेंगा, केळी आणि शिळा पाव यांवर दिवस काढू लागलो, आणि घरच्या पत्रात मात्र लिहीत राहिलो, 'जेवण वेळेवर मिळते, काळजी नसावी.'

आमचं कुलदैवत बनशंकरी. दुष्काळात तिने स्वतःच्या अंगातून भाज्या उगवून लोकांना जगवलं, ही गोष्ट आईने मला भाकरी थापता थापता शंभरदा सांगितली असेल. शहराच्या दक्षिणेला, वस्ती संपून शेतं लागतात तिकडे, तिचं देऊळ आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात तिथे गर्दी होते. बाया लिंबं अर्धी कापून पिळतात, साली उलट्या करून त्यांत दिवे लावतात. मी मंगळवार पाहून चालत गेलो. पण देवळात चिटपाखरू नव्हतं, एकही दिवा नव्हता. साथीने देवीलासुद्धा एकटं पाडलं, असं वाटलं. मी हात जोडले, पण प्रार्थना काही आली नाही, तक्रारच आली. म्हटलं, "आई, तू साऱ्या जगाला भाजीपाला पुरवलास आणि मला एक घास देत नाहीस? गुरुवारचं एक घर उरलंय. तेही मिटलं तर शुक्रवारी मी गाडी धरतो." पुजाऱ्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि देवीच्या पायाशी असलेलं लिंबू माझ्या हातावर ठेवलं. ते मी सदऱ्याच्या खिशात टाकलं. लिंबाने पोट भरत नाही, असं मनात म्हटल्याचं आठवतं. ते आठवलं की अजून ओशाळायला होतं.

मधला दिवस पडून काढला. गुरुवारी आंघोळ करून, पाय ओढत, रुक्माक्कांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान अण्णा एका कचेरीत कारकून, स्वभावाने थट्टेखोर. घरात ते दोघं आणि दोन मुली. पडवीत उभा राहून मी हाक दिली, "अक्का, मी आलोय." दुसऱ्या हाकेला आतून अण्णांचा घोगरा आवाज आला.

"कोण? तू? अरे, आज बुधवार. तुझा वार उद्या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चुकलं अण्णा, उद्या येतो," एवढं कसंबसं म्हणून मी वळलो. तोच अक्कांचा आवाज आला, अगदी क्षीण.

"थांब रे! जाऊ नको. तुला चूल पेटवता येते का?"

मी आत डोकावलो. चौघंही अंथरुणावर होती. काल दुपारपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. पाणी भरायलासुद्धा कुणी उठू शकत नव्हतं. धाकटी मुलगी कण्हत होती. अक्का म्हणाल्या, "सकाळपासून मी देवीला एकच म्हणतेय, अम्मा, कुणाला तरी पाठव. शेजारी पण सगळे तापाने झोपलेले. बा, ये आत, तम्मा. तोंडाला पंचा बांध."

"स्वयंपाकघरात?" मी विचारलं.

"मग काय रस्त्यावर शिजवणार?" अण्णा म्हणाले.

मी कधी चहासुद्धा केला नव्हता. अक्कांनी अंथरुणावरून सांगावं आणि मी करावं, असं चाललं. धुराने डोळे चुरचुरले, पेज दोनदा उतू गेली, मीठ बहुधा दोनदा पडलं. "आता वर स्वल्प लिंबू पीळ," अक्का म्हणाल्या, आणि लगेच, "अय्यो, घरात लिंबूच नाही." मी खिशात हात घातला. परवा दिलेलं लिंबू तिथेच होतं, थोडं सुकलेलं.

"कुठून आणलंस?"

"देवळातून. मंगळवारी गेलो होतो."

"मंगळवार काल झाला," अण्णा म्हणाले. "तू परवा गेला असशील, सोमवारी. म्हणून गर्दी नसेल."

तेव्हा मला उलगडलं. रविवारी दुपारी उपाशीपोटी झोप लागली होती. जाग आली तेव्हा बाहेर ढगाळ उजेड होता. ती रविवारचीच संध्याकाळ, पण मी सोमवारची सकाळ समजून तोंड धुतलं, आंघोळ केली, आणि आज दिवस फारच लवकर मावळला असं म्हणून पुन्हा झोपलो होतो. माझं पंचांग म्हणजे ती सात घरं. घरं बंद झाली आणि वार हातातून सुटले.

अण्णांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "ही पेज आहे की समुद्र?" पण वाटी त्यांनी पुन्हा पुढे केली. मुलींनी खाल्लं. अक्कांनी खाल्लं. मग त्यांनी मला पान मांडायला लावलं, आणि मी पडवीत नव्हे, चुलीपाशी बसून जेवलो. इतकं खारट आणि इतकं गोड अन्न मी पुन्हा खाल्लेलं नाही.

ती गोष्ट तिथे थांबली नाही. अक्कांनी संध्याकाळी मला पेजेचा डबा देऊन सोमवारच्या घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी बुधवारच्या. ज्या दारांनी मला परत पाठवलं होतं, त्या दारांत मी डबा घेऊन उभा राहू लागलो. हळूहळू मीठ एकदाच पडू लागलं. अण्णा बरे होऊन पडवीत बसू लागले तेव्हा मला विचारत, "काय आचारी, आज कुणाचा वार?" मला ताप आला नाही. का आला नाही, ते मला माहीत नाही. शुक्रवारची गाडी माझ्याशिवाय गेली.

आईला मी पहिल्यांदा खरं पत्र लिहिलं, उपाशी राहिलो तेही, देवीला मुदत घातली तेही. शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं तिचं उत्तर आलं. 'देवीला वार सांगू नये. तिला कुठल्या घरी चूल विझली आहे ते कळतं.' मी गुरुवार मागितला होता, त्या घराला बुधवार हवा होता. मी वेळेवर गेलो असतो तर त्या लेकरांना आणखी एक दिवस उपाशी काढावा लागला असता. मी माझ्या घासासाठी भांडत होतो, आणि तिच्या मनात माझ्याबरोबर आणखी चार पानं होती. तेव्हापासून मागताना मी दिवस सांगत नाही. मागणं संपत नाही, पण मुदत घालायची सवय सुटली आहे.

आता मी बी. ए.च्या शेवटच्या वर्गात आहे. कॉलेज उघडल्यावर सातही वार पुन्हा सुरू झाले. फक्त अक्कांनी बुधवारच्या घराशी अदलाबदल करून माझा गुरुवार बदलला. आता त्यांच्याकडे मी बुधवारी जातो. पडवीत हाक देतो आणि आतून, मी दिसायच्या आधीच, अण्णांचा आवाज येतो, "अरे, तुझा वार उद्या!"

मी हसत हसत उंबरा ओलांडतो आणि चुलीपाशी जाऊन बसतो.