काळ्या-पांढऱ्यातली ताई

शेवटचं केमो झालं आणि ताई म्हणाली, "मला अकलोलीला ने."

ती कामतघरला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. पण आजारपणात ती आमच्याकडे, कोनला, आईजवळ येऊन राहिली होती. घरात सतत डोक्याला रुमाल बांधलेला असायचा. तिचे केस कमरेपर्यंत होते. ते गेल्यावर आईने बेसिनवरचा आरसा काढून कपाटावर ठेवला.

डॉक्टरांनी तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ताई म्हणाली, नुसती काठावर बसेन. थंडीचे दिवस होते. मी स्कूटी काढली, कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत टाकला. मला फोटोचा नाद आहे. नोकरी गोडाऊनच्या ऑफिसातली, पण सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन भटकायचं, एवढं एक वेड मी राखून ठेवलंय.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतंच झाडांच्या वर आलं होतं. कुंडावर दाट वाफ होती. ताई काठाच्या दगडावर बसली आणि वाफेकडे बघत राहिली. मग तिने मानेमागची गाठ सोडली, रुमाल मांडीवर ठेवला.

"काढ फोटो," ती म्हणाली.

माझे हात थांबले. "असाच?"

"असाच. पण काळा-पांढरा काढ. रंगात मी आजारी दिसते."

खरं होतं ते. औषधांनी तिचा चेहरा पिवळट झाला होता, गालांवर डाग आले होते. मी कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर केला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी बटण दाबलं. एवढंच. दुसरा फोटो काढावासा वाटला नाही.

भिवंडीत मंडईच्या अलीकडे एक जुनी फोटो लॅब आहे. तिथल्या चाचांकडे मी नेहमी जाते. ताईला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. त्यांनी फोटो स्क्रीनवर उघडला, बराच वेळ पाहिला, कोण म्हणून विचारलं नाही. मग म्हणाले, "मॅट में दूँ या ग्लॉसी में?"

लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो मी डोळे मिटून चकचकीत ग्लॉसीवर काढत आले. हा कुठल्या कागदावर काढायचा?

"दोनों छोटे निकाल देता हूँ," चाचा म्हणाले. "घर ले जाओ. दिन में देखो, ट्यूबलाइट में देखो. ब्लॅक अँड व्हाइट का फैसला दुकान में नहीं होता."

पहिल्या वेळी काळ्यात हिरवट झाक आली. चाचांनी ते दोन्ही फाडून टाकले आणि पुन्हा काढले. मी काउंटरवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकच ताई, एकच क्षण, पण दोन वेगळ्या बायका बसल्यासारख्या दिसत होत्या. ग्लॉसीत काळा रंग विहिरीसारखा खोल होता. डोळ्यांतली चमक, ओठांवरची भेग, कानाच्या पाळीचं रिकामं भोक, सगळं टोकदार. मॅटवर काळा जरा राखी झाला होता, आणि वाफ कुठे संपते नि कपाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. कागदाला हात लावला तर तो सुती कापडासारखा लागला. मी कितीतरी वेळ याच्याकडून त्याच्याकडे बघत होते. कागद बदलला की माणूस एवढा बदलतो हे मला इतकी वर्षं फोटो काढूनही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आईने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"असला फोटू कशाला काढलास गं? बघनारे काय बोलतील? केस आल्यावर काढायचा ना, येवढी कशाला घाई?"

"मीच सांगितला काढायला," ताई म्हणाली.

आई स्वयंपाकघरात गेली. पण थोड्या वेळाने परत आली, पदराला हात पुसले आणि ग्लॉसी फोटो कडेने धरून दारापुढच्या ओट्यावर गेली. तिथे उन्हात ती सकाळी तांदूळ निवडते. फोटो तिने एकदा असा, एकदा तसा फिरवला, चमक चुकवत. मग तो डोळ्यांजवळ नेला.

"हिकडं ये," ती मला म्हणाली. "ह्ये काय हाय?"

मी वाकून पाहिलं. कपाळाच्या वर, जिथे केसांची रेघ असते तिथे, उजेड तिरपा पडला होता आणि वाफेचे बारीक थेंब कशावर तरी अडकले होते. कातडीवर नव्हे, कातडीच्या वर, अधांतरी. मला आधी कळेना. मग दिसलं. लव. पांढरीशुभ्र दिसणारी बारीक लव, सगळ्या डोक्यावर, एकेक उभी. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मला ती दिसली नव्हती. मी आत जाऊन मॅट आणला. त्यात ती वाफेत मिसळून गेली होती.

"केस हायत," आई म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मला तिचे ओठच आधी दिसले. "अगं, केस हायत तिला."

ताई दारात उभी होती. "मला हाताला लागत होतं काहीतरी," ती म्हणाली. "पण मी नीट हात लावून बघितलाच नाही."

आईने फोटो माझ्या हातात दिला, ताईजवळ गेली आणि तिचा रुमाल सोडला. कितीतरी महिन्यांत आईने तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. आता तिने तळवा ठेवला, अगदी हलका, आणि कपाळापासून मानेपर्यंत फिरवला. पुन्हा पहिल्यापासून फिरवला. ताईने डोळे मिटले होते. आम्ही तिघी ओट्यावर होतो, रस्त्यावरून कल्याणच्या गाड्या जात होत्या, आणि मला श्वास घ्यायलाही भीती वाटत होती, हे काहीतरी मोडेल म्हणून.

मी धरून चालले होते की मोठा फोटो आता ग्लॉसीतच निघणार. पण ताईने दोन्ही फोटो खोलीतल्या भिंतीला लावून पाहिले, ट्यूब लावून पाहिले आणि मॅट उचलला.

"ग्लॉसी आईला राहू दे," ती म्हणाली. "तिला रोज बघायचे असतील केस. माझ्या घरी भिंतीसमोर ट्यूब आहे, ग्लॉसीत नुसती ट्यूबच दिसेल. आणि मला केस नको आहेत बघायला. त्या सकाळी मला कशाचीच भीती वाटत नव्हती. ते ह्याच्यात दिसतंय."

मोठा फोटो आणायला आम्ही दोघी गेलो. चाचांनी गुंडाळी सोडली, कागद पंख्याच्या वाऱ्याने उडायला लागला म्हणून बसल्या जागेवरून पंखा बंद केला आणि चारी कोपऱ्यांवर जे हाताला लागलं ते ठेवलं. ताईचा चेहरा आता खऱ्या चेहऱ्याहून मोठा होता. कागदाला कुठेच चमक नव्हती, त्यामुळे मध्ये काहीच आड येत नव्हतं. ती सरळ बघत होती. चाचांनी फोटोकडे पाहिलं, मग रुमाल बांधलेल्या ताईकडे, आणि तेव्हा त्यांना कळलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"काँच लगाओगे तो बीच में माउंट रखना, गत्ते की पट्टी," ते म्हणाले. "काग़ज़ काँच को छूना नहीं चाहिए."

"काच नको," ताई म्हणाली. "असाच लावते."

तो आता कामतघरच्या तिच्या खोलीत आहे. शेजारच्या बायका येतात, त्यांना हा कुणातरी संन्याशिणीचा फोटो वाटतो. ताई हसते आणि चहा टाकते.