मुकादम सरांनी मागे घेतलेली कथा

आदरणीय इब्राहिम मुकादम सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कथांविषयी अभ्यासक लिहितील. मी अभ्यासक नाही. पनवेलच्या बाजारात माझं अक्षरजुळणीचं छोटं दुकान आहे आणि सरांच्या बहुतेक सगळ्या कथा गेली कित्येक वर्षं माझ्या संगणकावर टाइप झाल्या आहेत. तेवढ्याच अधिकाराने हे लिहिते.

सर पहिल्यांदा दुकानात आले ते दिवाळी अंकांच्या गडबडीत. पळस्पेच्या पुढच्या एका गावात ते प्राथमिक शिक्षक होते. शंभर पानी वही त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ताई, परवापर्यंत होईल का?” मी कथा वेळेत करून दिली. सर तिथेच बसून वाचू लागले आणि मध्येच थांबले.

“ताई, ही भाजी विकणारी बाई कुठली आहे?”

“आपल्या पनवेलकडचीच, सर.”

“मग ही पुण्याला शिकायला कधी गेली?”

मला काही कळेना. त्यांनी वही पुढे केली. त्यांच्या बाईने म्हटलं होतं, “आमी नाय येनार.” मी ते शुद्ध करून “आम्ही येणार नाही” असं टाइप केलं होतं. खरं तर मीही आगरी घरातली. पण शाळेत आमच्या बोलण्याला सगळे हसायचे, म्हणून गिऱ्हाइकांसमोर मी ती भाषा कटाक्षाने टाळायची. सरांनी विचारलं, “तुमच्या घरी कसं म्हणतात?” मी हळूच म्हटलं, “आमी नाय येनार.”

“मग तसंच राहू द्या. मला हे कान देऊन शिकावं लागतं. तुम्हाला आईकडून मिळालंय.”

त्या दिवसापासून आमच्या बोलीतला प्रत्येक संवाद सर मला वाचून दाखवू लागले. “तुमची आई असं म्हणेल का?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. पुढच्या प्रत्येक पुस्तकात “बोलीभाषेचं साहाय्य : वंदना म्हात्रे” अशी ओळ आली. अशा कामासाठी आपलं नाव छापलं जाऊ शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण ती त्या ओळीवरून बोट फिरवायची.

सरांनी किती कथा लिहिल्या हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. पहाटेची नमाज झाली की शाळेची वेळ होईपर्यंत ते लिहायचे. एका वहीत एक कथा. एकदा एका समारंभात कुणीतरी त्यांना “विपुल लेखन करणारे” म्हटलं. परत येताना सर हसून म्हणाले, “गवंडी रोज विटा रचतो. त्याला कुणी विपुल म्हणतं का?”

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते. तो लिहू का, असं मी सरांना विचारलं होतं. म्हणाले, “लिहा. पण त्या बाईंचं नाव नको.”

सरांच्या एका कथेला मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. वीटभट्टीवर काम करणाऱ्या कातकरी बाईची शाळकरी मुलगी तापाने आजारी पडते आणि दगावते, अशी ती कथा होती. ‘रिकामी पाटी’ हे तिचं नाव, आणि तेच नाव देऊन नवा संग्रह निघणार होता. एका रविवारी सकाळी आम्ही दुकानात शेवटची मुद्रितं तपासत होतो. तेवढ्यात एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून दारात उभ्या राहिल्या. मुलीच्या वेण्यांना हिरव्या फिती होत्या आणि पुढचा एक दात तुटलेला होता. सरांनी दोघींना ओळखलं. मुलगी त्यांच्याच वर्गातली होती.

“या, या. बसा.”

बाई बसल्या नाहीत. “गुरजी, तू माज्या पोरीला मारलास.”

सर चपापले. “मी? बाई, मी मुलांवर कधी हात उगारत नाही.”

“हातान नाय. कागदावर.”

मग हळूहळू उलगडा झाला. बक्षीस मिळालं म्हणून शाळेत एका शिक्षिकेने ती कथा मुलांना वाचून दाखवली होती. हिरव्या फिती, तुटका दात, भट्टी, सगळं जसंच्या तसं. मुलांनी तिला लगेच ओळखलं आणि त्या दिवसापासून सगळी तिला “मेलेली” म्हणून हाका मारू लागली. मुलगी शाळेत जायला तयार होईना.

“ती आजारी व्हती तवा तूच दवाखान्यात नेलास,” बाई म्हणाल्या. “माज्यासंगं बसलास. ती जगली. मंग तुला कशाला मारावी लागली?”

“बाई, ती नुसती गोष्ट आहे. खोटी असते.”

“खोटीच, तर जिती ठेवायची.”

 सर खुर्चीवरून उठले, त्या मुलीसमोर खाली बसले आणि म्हणाले, “माझं चुकलं, बाळा.” मुलगी आईच्या लुगड्याआड लपली.

दोघींना रिक्षात बसवून सर परत आले आणि म्हणाले, “वंदनाताई, ही कथा काढून टाका.”  सगळं पुस्तक पुन्हा लावावं लागणार होतं. मी प्रकाशकांना फोन लावून दिला आणि सरांनी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सर, बक्षिसाची कथा आहे! मुखपृष्ठ छापून तयार आहे. मुलीचं वर्णन बदला, गाव बदला, झालं.”

सर म्हणाले, “ती मेली नव्हती, साहेब. मला शेवट सापडत नव्हता, म्हणून मी तिला मारलं.”

प्रकाशकांनी पुस्तकच रद्द केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी सरांनी सगळ्या मुलांसमोर सांगितलं, “मी खोटं लिहिलं होतं. ही आपली मैत्रीण आहे, ठणठणीत आहे.” संध्याकाळी भट्टीवर जाऊन त्यांनी ते तिच्या आईलाही सांगितलं. बाईंनी विटांच्या ढिगाजवळ गोणपाट अंथरलं आणि एवढंच म्हणाल्या, “बस, गुरजी.” मुलगी पुन्हा शाळेत येऊ लागली. पावसाळ्याआधी ते कुटुंब भट्टी सोडून गेलं. पुढच्या वर्षी सरांनी आसपासच्या भट्ट्यांवर चौकशी केली, पण पत्ता लागला नाही.

त्यानंतर कितीतरी महिने सरांची वही आली नाही. मी घाबरले होते. हा माणूस आता लिहिणारच नाही की काय? मग एका दुपारी ते आले. वही ठेवून म्हणाले, “यातली म्हातारी मरते. पण ती खरीच गेली आहे. तिच्या मुलाला विचारून आलोय.” मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. रद्द झालेला संग्रह वर्षभराने दुसऱ्या एका लहान प्रकाशकाने काढला. ‘रिकामी पाटी’ त्यात नव्हती. सरांनी ती पुन्हा कुठेही छापू दिली नाही.

सरांच्या अनेक कथा मला आवडतात, काही पाठही आहेत. पण मी त्यांना गुरू मानते ते या न छापलेल्या कथेमुळे. मिळालेलं कौतुक परत करणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला. माझ्यासारख्या, चुका दडपत जगणाऱ्या बाईला त्याचा फार आधार वाटला.

हल्ली सरांचा हात थरथरतो. अक्षर ओळीवरून खाली घसरतं आणि ‘क’ कुठला, ‘फ’ कुठला ते आता मलाच लावता येतं. मोबाइलवर बोलून लिहा असं त्यांच्या मुलांनी सुचवलं, पण ते वहीच आणतात. सर, तुमचे गुडघे सुखात राहोत, झोप शांत लागो, पहाटे वेळेवर जाग येवो. आणि तुमचं ते न लागणारं अक्षर लावत बसायचं भाग्य मला अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षं मिळो.