वाकडा स्टँड

मुलीने शाळेसाठी केलेला पुठ्ठ्याचा मोबाइल स्टँड मी तिला न विचारता कापून सरळ केला. त्याचा एक पाय बोटभर लांब दिसला आणि माझ्यातला कार्यानुभवाचा जुना विद्यार्थी जागा झाला. आमच्या वेळी त्या तासाला फुलदाण्या करायच्या आणि गुरुजींनी पट्टी लावून बघायच्या. सरळ असेल तर पास. माझी पास झाली, कारण ती मोठ्या भावाने केली होती. ती कोणासाठी, हे कुणीच विचारलं नाही. घरात फुलं तरी कुठे होती!

मुलगी आठवीत आहे. तिच्या पनवेलच्या शाळेत आता डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय असतो. प्रदर्शनाच्या दिवशी म्हणाली, "बाबा, तू चल." मला वाटलं, सामान उचलायला.

टेबलावर तिची निरीक्षणाची वही होती. सहज उघडली.

'घरातला माणूस. आठ दिवस दारातून पाहिलं. एकटा जेवतो. आई द्रोणागिरीला कामाला जाते, उशिरा येते. मी क्लासहून आल्यावर माझं ताट खोलीत नेते. तो मोबाइल तांब्याला टेकवतो. बातम्या लावतो, पण बघत नाही, नुसता आवाज लागतो. मोबाइल दोनदा आमटीत पडला.'

तीनदा. मी वही मिटून ठेवली.

बाईंनी मला खुर्चीत बसवून स्टँडवर मोबाइल ठेवला. मुलीने मुद्दाम ट्यूबलाइटखालचं टेबल मागून घेतलं होतं. पडद्यावर मला फक्त ट्यूब दिसली आणि तिच्याखाली माझं टक्कल.

मुलीने वाकून पाहिलं. "बाबा, पाय कापलास?"

"जरासा. वाकडा होता गं."

"घरी तुझ्या डोक्यावर ट्यूब असते. तुझ्यासाठीच वाकडा होता तो."

बाई रागावल्या नाहीत. "वापरणाऱ्याने बिघडवलं, असं लिही. आता दुरुस्त कर," म्हणाल्या.

तिने पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली. आता दिसतंय? मान दुखते का? अजून वर घेऊ? तिने मला लागोपाठ तीन प्रश्न विचारल्याला किती महिने झाले होते, कोण जाणे. मला दुसऱ्याच प्रश्नाला नीट दिसू लागलं होतं. तरी म्हटलं, "अजून थोडा वर."

पुढे म्हणे असल्या वस्तू यंत्रच कापून देईल. देऊ दे. आठ दिवस दारात उभं राहून माणूस बघायला कोणीतरी लागेलच.

घरी आल्यावर बायकोला फुशारकीने सगळं सांगितलं. "बघ, पोरगी किती बारीक लक्ष ठेवते माझ्यावर!"

ती डबा घासत होती. म्हणाली, "अहो, तिने आधी मला विचारलं होतं, बाबासाठी स्टँड करू की त्याच्याबरोबर जेवायला बसू? मीच म्हटलं, स्टँड कर. जेवायला बसलीस तर प्रदर्शनात काय मांडणार?"