बंदुकीच्या झाकणावरची विभूती

शेवटचं काम आमी दोघांनी मिळून केलं ते गाड्यांवर रंग उडवायची बंदूक धुवायचं. खंडेनवमी होती. कारभारणीनं रॉकेल ओतलं, म्या चिंधीनं पुसलं. मग सगळी हत्यारं पाटावर मांडून तिनं एकेकाला विभूती लावली. बंदुकीच्या डोक्यावर रंगाचा डबा असतो. त्याच्या झाकणावर तिनं तीन बोटं ओढली.

"अगं, भोक बुजंल. मागल्या साली काय झालतं?"

"बुजू द्या. आज कुठं रंगवायचंय? उद्या मीच काढते टाचणीनं."

झाकणाला वारा जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की रंग नीट उतरत न्हाय, बंदूक थेंबथेंब थुकाय लागती. मागल्या दसऱ्याला सरकारी साहेबाची जीप रंगवताना तशीच थुकली. बघाय थांबलेला एक ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, हवा कमी. तिनं पायपंप मारून मारून पोटऱ्या सुजवून घेतल्या. साहेब म्हणाले, रंग पातळ करा. केला, तर दारावरनं ओघळ आले. सोलापूरच्या दुकानदारानं बंदूक घड्याळासारखी कानाला लावली आन् म्हणाला, नवी घ्या. म्या शहाण्यानं तोंडाकडची पितळी टोपी चार बाऱ्या खोलली. शेवटी तिनंच झाकण बघितलं. "माझीच विभूती हाय वो!" म्हणून पोट धरून हसली.

निजाम गेला, आपलं राज आलं, तवापासून सरकारला रंगाचा लई नाद. साहेब बदलला की जीपचा रंग बदलायचा. जळकोटाचा खड्ड्यांचा रस्ता मात्र हाय तसाच. औंदाबी नव्या साहेबाची जीप आमच्या अंगणात उभी होती. रंगाचे दोन हात झालते, शेवटचा हात दसऱ्याच्या सकाळी मारायचा होता.

पूजा झाली. दुपारच्याला चुलीपाशी बसली, ती उठलीच न्हाय. दिवस बुडायच्या आत मातीबी झाली. भेटाय आलेली माणसं जीपच्या भवती उभी राहिली. साहेबाचा शिपाई आला, डोळे पुसले आन् हळूच म्हणाला, "लई वाईट झालं, काका. तेवढं माणसांना सांगा, बॉनेटला टेकू नका."

सकाळी तो परत हजर. "सीमोल्लंघनाला साहेब जीपमधनंच जायचेत."

"बायको मेली म्हणावं माझी."

"सांगितलं. म्हणाले, एकच हात राहिलाय न्हवं?"

जीप हलल्याबिगर दारात माणसं बसायची कुठं? शिपायालाच पंपावर उभा केला. म्या घोडा दाबला. बंदूक थुकली.

"हवा कमी पडती का, काका?" शिपाई म्हणाला.

"तू गप पंप मार."

मला ठावं होतं. झाकणावर तिची तीन बोटं तशीच होती, कातडीच्या रेघासुदिक दिसत होत्या. भोक मधल्या बोटाखाली. टाचणी आणली. नुसती टेकवली तर कडंची विभूती भुकटी होऊन गळाली. म्या हात मागं घेतला. फोटो तिचा कधी काढला न्हवता. लुगडी तर रीतीनं वाटून जाणार होती. तिचं म्हणून बोटांचं एवढंच काय ते घरात राहिलं होतं.

झाकण अलगद काढलं, देवळीत लिंगापाशी नेऊन ठेवलं. मग उघड्या डब्याची बंदूक, भरल्या कळशीवानी सरळ धरून, बॉनेट रंगवाय घेतलं. थोडा रंग माझ्या धोतरावर सांडला, थोडा शिपायाच्या टोपीवर. बंदूक मात्र थुकली न्हाय.